दप्तराची धुळाक्षरे

सुरतेहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना सोडून पूर्वेस वळली की थोड्याच वेळात चलथाण नावाचे एक लहानसे स्थानक लागते. ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाने जो लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर खानदेशाला सुरतेशी जोडता झाला, त्याच मार्गावरचे हे गाव. येथे सहकारी साखर कारखाना आहे. जवळून मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. आणि आसपास कापड रंगविण्याचे व छापण्याचे कारखाने पसरलेले आहेत. धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूंनी पोटामागे आलेली पुष्कळ कुटुंबे या पट्ट्यात स्थिरावली आहेत. घरात अहिराणी, शाळेत गुजराती आणि गावाकडच्या कागदपत्रांपुरती मराठी, अशी त्यांच्या मुलांची त्रिभाषिक अवस्था असते.

गेल्या वर्षी अशाच एका घरी चार दिवस राहण्याचा योग आला. यजमानांची पुतणी एका दुकानावरच्या माडीवर भरणाऱ्या संगणकवर्गात जात असे. पत्र लिहिण्याची, हिशेबाचे तक्ते मांडण्याची आणि चित्रफलक तयार करण्याची प्रणाली, म्हणजे ज्याला सगळेच 'ऑफिस' म्हणतात, ती तिने तीन महिन्यांत शिकून घेतली होती. तिची वही मी चाळली. अक्षर सुरेख, पण मजकूर असा : 'होम, मग डावीकडून तिसरे चित्र, मग खालचा बाण, मग दुसरी ओळ.' पानेच्या पाने अशी. जणू एखाद्या अनोळखी शहरातील घराचा पत्ता, आणि त्या घरी कोण राहते याचा मात्र कोठे उल्लेख नाही.

नोकरीसाठी ती एका कचेरीत चाचणीस गेली. तेथील संगणकावर फुकट मिळणारी दुसरीच प्रणाली होती. डावीकडून तिसरे चित्र काही वेगळेच निघाले. मुलगी गोंधळली आणि परत आली. रात्री जेवणे झाल्यावर तिने मला विचारले, "काका, मग मी तीन महिने शिकले ते काय?"

या प्रश्नाला त्या रात्री मला नीटसे उत्तर देता आले नाही. आज आपणांपुढे जे मांडणार आहे, ते त्याच उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

चलथाण ज्या तालुक्यात येते तो पलसाणा तालुका पूर्वी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात मोडत असे. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि १९६० साली गुजरात राज्य झाले. म्हणजे मराठी कारकून या मुलुखास नवखा नाही. गायकवाडांच्या घोडदळामागून त्यांचे फडणीस, मुजुमदार आणि कारकूनही आले, आणि घोडदळ गेले तरी लेखणी राहिली. दप्तराची भाषा कोणती असावी, हा प्रश्न बडोद्याने फार गांभीर्याने घेतला होता. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश प्रसिद्ध करविला. त्यात इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, हिंदी, बंगाली, उर्दू व फारसी असे प्रतिशब्द आहेत. त्याच्याही अडीचशे वर्षे आधी शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, हे आपण जाणताच. दोघांनाही एक गोष्ट कळली होती : कामाला नाव नसेल तर काम शिकविता येत नाही. माझ्या यजमानांच्या पुतणीच्या वहीत नेमकी हीच उणीव होती. तिला बोट कोठे ठेवावयाचे ते शिकविले होते. बोट ठेवल्याने जे काम होते त्याचे नाव कोणी सांगितले नव्हते.

बडोद्याच्या नोकरीत असलेले एक गृहस्थ पुढे इतिहासकार म्हणून सर्वांना ठाऊक झाले, ते म्हणजे गोविंद सखाराम सरदेसाई. १८८९ पासून १९२५ पर्यंत ते सयाजीरावांच्या सेवेत होते. निवृत्तीनंतर पुण्याच्या पेशवे दप्तरातील निवडक कागद त्यांनी पंचेचाळीस खंडांत प्रसिद्ध केले. या दप्तरात कागद ठेवण्याची जी रीत आहे ती ध्यानात घेण्याजोगी आहे. कागदांचे गठ्ठे चौकोनी फडक्यात बांधलेले असतात, आणि त्या बांधलेल्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणतात. आज पडद्यावर पिवळ्या पाकिटाच्या आकाराचे जे चित्र दिसते आणि ज्याला फोल्डर म्हणतात, ते हा रुमालच होय. रुमालात रुमाल बांधता येत नसे आणि फोल्डरात फोल्डर ठेवता येतो, एवढाच काय तो फरक. पण कागद असूनही वेळेवर सापडला नाही तर तो नसल्यासारखाच, हा नियम दोन्हीकडे सारखाच कठोर. त्या वर्गातील एका संगणकावर मी 'नवीन', 'नवीन १', 'शेवटचे' आणि 'शेवटचे खरे' अशा नावांचे चार कागद पाहिले. नाना फडणिसांच्या कारकुनाने असे केले असते तर त्याची धडगत नव्हती.

आता लेखनाकडे वळू. वर्ड नावाच्या प्रणालीत पहिल्या आठवड्यात काय शिकवितात? अक्षराचा आकार, ओळींमधील अंतर, पानाच्या चारी बाजूंचा समास, मथळा, आणि सगळ्या मजकुराला एकच ठेवण. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. ज्यांनी तो समास भक्तिभावाने वाचला असेल त्यांनी तो एकदा कारकुनाच्या दृष्टीनेही वाचावा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वळण एकच असावे, ओळी सरळ असाव्यात, एका ओळीने दुसरीला स्पर्श करू नये, हे तर समर्थ सांगतातच. पण त्यापुढे जाऊन कारणेही देतात, आणि ती विलक्षण व्यावहारिक आहेत. पानाच्या भोवती कोरी जागा का सोडावयाची? कागदाच्या कडा हाताळून झडतात. त्या झडल्या तरी अक्षराला धक्का लागू नये म्हणून. अक्षर फार बारीक का नको? तरुणपणी लिहिलेले म्हातारपणी आपल्यालाच वाचता आले पाहिजे म्हणून.

हे कारण कळले की समासाची खूण पडद्यावर डावीकडे आहे की उजवीकडे, याला फारसे महत्त्व उरत नाही. ती शोधता येते. शोधावयाचे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याचे शोधणे सोपे असते. आजचा कागद झडत नाही, पण तो छापून दप्तरात लावावयाचा असेल तर डाव्या बाजूस भोके पडतात, आणि ज्याने समास कमी ठेवला त्याच्या ओळीची पहिली अक्षरे त्या भोकांत जातात. कारण बदलले, नियम टिकला.

रामदासांच्या बोरूपासून संगणकापर्यंतच्या वाटेवर टंकयंत्राचा मुक्काम आहे. अमेरिकेत शोल्स नावाच्या एका वृत्तपत्रव्यावसायिकाने केलेले यंत्र रेमिंग्टन या बंदुका करणाऱ्या कंपनीने १८७४ साली बाजारात आणले. संगणकाच्या कळफलकावरची कित्येक नावे त्या यंत्राची आठवण आहेत. 'शिफ्ट' म्हणजे सरकविणे. १८७८ च्या यंत्रात ती कळ दाबली की आतला भाग खरोखरच सरकत असे आणि लहान अक्षराऐवजी मोठे उमटे. 'टॅब' ही तक्त्याचे रकाने धरण्यासाठी केलेली सोय. आणि पत्राखाली 'सीसी' म्हणून जे लिहितात ती कार्बन कागदाची प्रत. आज ते लिहिणाऱ्या बहुतेकांनी कार्बनचा निळा कागद हाताळलेलाही नाही. आपल्याकडे गोदरेज कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र काढले, आणि त्यानंतर गावोगावच्या टंकलेखनवर्गांतून त्या खडखडाटावर कित्येक मध्यमवर्गीय घरांची चूल पेटली. मीही अशाच एका वर्गात शिकलो. कळफलकावर फडके टाकून, न पाहता लिहावयास लावीत. बोटे दुखत, पण विद्या बोटांत उतरे. २००९ साली गोदरेजने टंकयंत्रांचे उत्पादन थांबविले, तेव्हा माझ्यासारख्यांना एखादा नातलग गेल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

पुढचा इतिहास वेगाने घडला, म्हणून वेगानेच सांगतो. १९७० नंतरच्या दशकाच्या पूर्वार्धात झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकूर उचलून दुसरीकडे चिकटविण्याची सोय संगणकात केली. कात्री आणि डिंक घेऊन बसणाऱ्या संपादकांची रीत त्यांनी जशीच्या तशी उचलली आणि नावेही तीच ठेवली : कापा, चिकटवा. लेखनासाठी वर्डस्टार आले. १९८३ साली मायक्रोसॉफ्टचे वर्ड आले. १९८५ साली एक्सेल. आणि १९९० साली विंडोजसाठी सगळ्यांची मिळून 'ऑफिस' नावाची मोट बांधली गेली.

हिशेबाच्या तक्त्याची गोष्ट मात्र थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. हार्वर्ड येथे व्यापारशास्त्र शिकणारा डॅन ब्रिकलिन हा तरुण वर्गात बसला असता, प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडीत. त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. हा फळा स्वतःच स्वतःला पुसून दुरुस्त का करणार नाही, असे त्याच्या मनात आले. बॉब फ्रँकस्टन या मित्राच्या साहाय्याने त्याने १९७९ साली व्हिसिकॅल्क ही प्रणाली सिद्ध केली. एक्सेल हे तिचेच वंशज.

याचा अर्थ चलथाणच्या मुलीला समजावून द्यावयाचा तर दूर जाण्याचे कारण नाही; उसाचा हिशेब पुरे. समजा, एका रकान्यात सभासदाचे नाव, दुसऱ्यात ऊस किती टन, तिसऱ्यात दर, चौथ्यात कपात आणि पाचव्यात देय रक्कम. जुना कारकून प्रत्येक ओळीचा गुणाकार करी, मग उभी बेरीज घेई, मग आडवी बेरीज घेई, आणि दोन्ही जुळल्या तरच खाली रेघ मारी. तक्त्याच्या प्रणालीत दर एकाच चौकटीत लिहावयाचा आणि प्रत्येक ओळीने तो तेथूनच घ्यावयाचा. दर बदलला की पाचशे सभासदांची रक्कम डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच बदलते. एवढी एक गोष्ट ज्याला उमगली त्याला तक्ता उमगला. बाकी सारी चित्रे आणि बाण ही वरची आरास.

पण यंत्राने गुणाकार केला म्हणून कारकुनाची जबाबदारी संपली, असे जे समजतात त्यांच्यापासून मी दोन हात दूर राहतो. एखाद्या चौकटीत आकडा मजकूर म्हणून बसला असेल तर दिसावयास तो आकडाच दिसतो, पण बेरजेत धरला जात नाही; आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही. नावांचा रकाना अकारविल्हे लावताना शेजारचे रकाने सोबत घेतले नाहीत तर नावे हलतात, रकमा जागच्या जागी राहतात, आणि एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावे पडतो. मोठमोठ्यांनाही हे चुकले नाही. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामांकित अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली राष्ट्रांचे कर्ज आणि त्यांची वाढ यांवर एक निबंध लिहिला. देशोदेशींच्या अर्थमंत्र्यांनी त्याचा आधार घेतला. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा तक्ता तपासला, तेव्हा सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडीतून सुटल्या असल्याचे आढळले. निबंधातील मतांविषयीचा वाद निराळा आणि त्यात इतरही मुद्दे होते. पण पाच ओळी सुटल्या ही गोष्ट लेखकांनीही मान्य केली. आडव्या-उभ्या बेरजेची सवय असलेल्या आपल्या एखाद्या कारकुनाने ती पहिल्याच दिवशी पकडली असती, असे मला उगाचच वाटते.

मुलीचा गोंधळ उडाला तसा तो २००७ साली जगभर उडाला होता. त्या वर्षीच्या ऑफिसमध्ये वरच्या याद्या जाऊन त्यांच्या जागी चित्रांची एक रुंद पट्टी आली. वर्षानुवर्षे काम करणारी माणसे 'छापा' कोठे गेले म्हणून पडद्यावर बोट फिरवीत बसली. ज्यांनी जागा पाठ केल्या होत्या ते अडले. ज्यांना कामे ठाऊक होती ते चार दिवस कुरकुरले आणि पुढे चालू लागले. महाराष्ट्रात २००१ साली राज्य ज्ञान महामंडळ निघाले आणि त्याच्या संगणक-अभ्यासक्रमातून लाखो मुले गेली. गुजरातेत शासकीय सेवकांसाठी संगणक-क्षमतेच्या परीक्षेचे नियम २००६ साली झाले. या परीक्षांनी पुष्कळांच्या मनातील यंत्राची भीती घालविली, हे त्यांचे श्रेय कोणी नाकारू नये. तथापि प्रमाणपत्राच्या घाईत गल्लोगल्लीच्या वर्गांनी कामाऐवजी जागा शिकविल्या, ही माझी तक्रार आहे.

राहिला मराठीचा प्रश्न, आणि चलथाणसारख्या गावी तोच खरा कळीचा. त्या मुलीच्या वडिलांना एका दाखल्यासाठी गावाकडच्या कचेरीत अर्ज करावयाचा होता. तिने वर्गातील संगणकावर मराठीत अर्ज लिहून विद्युत्टपालाने पाठविला. तिकडून निरोप आला की अर्जात काही तरी चिन्हे आहेत, मराठी नाही. दोष कोणाचाच नव्हता. जुन्या मराठी अक्षरसंचांत संगणकाच्या स्मरणात साठविलेले अक्षर इंग्रजीच असे. फक्त त्याच्यावर मराठी मुखवटा चढविलेला असे. समोरच्याकडे तो मुखवटा नसेल तर खालचे इंग्रजी उघडे पडे. यावर उपाय म्हणजे मराठी अक्षराला स्वतःचाच क्रमांक असणे. कानपूरच्या तंत्रसंस्थेत आणि पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी या दिशेने जे काम केले, ते आपण फार लवकर विसरलो. १९९१ साली भारतीय मानक ठरले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. आणि विंडोज २००० पासून देवनागरीला घरच्या संगणकावर हक्काची जागा मिळाली.

या कामातून निघालेला इन्स्क्रिप्ट हा कळफलक मी त्या मुलीला दाखविला. त्यात स्वर डाव्या हाती, बहुतेक व्यंजने उजव्या हाती. इंग्रजी 'के'च्या कळेवर क, तीच शिफ्टसह दाबली की ख. ('के'वर क आला हा निव्वळ योगायोग, 'जे'वर र आहे.) जुन्या टंकयंत्रावर 'कि' उमटविताना वेलांटी आधी मारावी लागे, कारण कागदावर ती आधी दिसते, येथे आधी क आणि मग वेलांटी, कारण उच्चार तसा आहे. टंकयंत्रावर वाढलेल्या माझ्या बोटांना ही सवय जाता जाईना; तिच्या बोटांना कसलीच जुनी खोड नव्हती. आणि मग मी तिला लिपी बदलावयास सांगितली. देवनागरीऐवजी गुजराती निवडली, आणि त्याच कळा त्याच क्रमाने दाबल्या. ती ज्या लिपीत शाळा शिकली त्या लिपीत तेच शब्द उमटले. बहुतेक भारतीय लिप्यांची वर्णमाला मुळात एक, म्हणून कळफलकही एक. मराठीसाठी एकदा आणि गुजरातीसाठी एकदा, असे दोनदा शिकावे लागत नाही. तिने आपल्या गावाचे नाव एकदा असे आणि एकदा तसे लिहून पाहिले, मग वडिलांचे, मग माझे. माझ्या नावातील ळ तिला सापडेना. तो ल च्याच कळेवर शिफ्टसह आहे, हे तिनेच थोड्या वेळाने शोधून काढले.

अर्ज दुसऱ्या दिवशी नव्याने लिहून झाला. चाचणीत जी परकी वाटली होती तीच फुकटची प्रणाली तिने मुद्दाम उघडली होती. समास कोठे आहे हे शोधावयास तिला पाच मिनिटे लागली, आणि या वेळी काय शोधावयाचे ते तिला ठाऊक होते. नोकरीचे अजून काही जमलेले नाही. अर्ज मात्र तिकडे वाचता आला. पंधरा दिवसांनी टपालाने उत्तर आल्याचे तिने मला कळविले. ते हाताने लिहिलेले होते, आणि डाव्या बाजूस दोन बोटे समास सोडलेला होता.